कोलेस्टेरॉल वाढलंय? रस्सा सोडायच्या आधी रोजचं ताट बघा

कोल्हापुरात कुणाचा रिपोर्ट आला आणि कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक अक्षरात छापलेला दिसला की घरात पहिलं वाक्य ठरलेलं, "आजपासून मटण बंद." मग तो माणूस दोन-तीन आठवडे तोंड पाडून दुधी आणि मुगाची आमटी खातो, आणि एखादी जत्रा आली किंवा पाहुण्यांचं जेवण निघालं की सगळं पहिल्यासारखं. मला यात सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं, की मटण बंद असतानासुद्धा सकाळचं म्हशीचं दूध चालूच असतं, चहाबरोबर खारी चालूच असते, संध्याकाळी दुकानावर मागवलेली भजी चालूच असतात. रविवारचं मटण आठवड्यातनं एकदा, आणि हे बाकीचं रोज. म्हणून आधी रोजचं बदलायचं, आणि रविवारचं बंद न करता नीट करायचं, हे माझं मत आहे आणि आमच्या घरात मामंजी आणि हे दोघंही याच पद्धतीनं खातात. मी डॉक्टर नाही, स्वयंपाकघर माझ्या हातात आहे, त्यामुळं लिहितेय ते मुख्यतः तिथलंच.

सुरुवात रिपोर्टपासून करा. नुसतं टोटल कोलेस्टेरॉल बघून घाबरू नका आणि नुसतं ते बघून निवांतही होऊ नका. एलडीएल म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साठणारं, हे साधारण १००च्या खाली असलेलं बरं, १३० ते १५९ म्हणजे काठावर, १६०च्या पुढं जास्त आणि १९०च्या पुढं खूपच जास्त. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, पुरुषांचं ४०च्या वर आणि बायकांचं ५०च्या वर पाहिजे. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, १५०च्या आत. अजून एक आकडा बऱ्याच रिपोर्टमध्ये असतो, नसला तर स्वतः काढायचा, टोटलमधनं एचडीएल वजा केलं की उरतं ते नॉन-एचडीएल, ते १३०च्या आत असावं. आपल्या भारतीय लोकांत बऱ्याचदा असं दिसतं की एलडीएल फार भयंकर नसतं पण ट्रायग्लिसराइड्स वर, एचडीएल खाली आणि पोट पुढं, त्यामुळं रिपोर्टबरोबर शिंप्याची टेपही काढा. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या पुढं आणि बायकांची ८०च्या पुढं गेली असेल तर वजन कमी दिसलं तरी धोका आहे असं धरायचं.

आणि एक, ज्यांना शुगर आहे किंवा अ‍ॅटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट बसलाय त्यांच्यासाठी हे १०० वगैरे आकडे नाहीत, त्यांना डॉक्टर ७०च्या किंवा त्याहून खाली आणायला सांगतात. एलडीएल १९०च्या पुढं असेल तर बऱ्याचदा ते घराण्यातनं आलेलं असतं, तिथं नुसत्या पथ्यानं भागत नाही, गोळी लागते, आणि घरातल्या भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्यावी लागते. थायरॉइड कमी काम करत असेल तरी एलडीएल वाढतं, त्यामुळं ती टेस्ट झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा. कोलेस्टेरॉल वाढल्याचं अंगाला काहीही जाणवत नाही. चक्कर नाही, दुखणं नाही, काही नाही. "मला तर काही त्रास नाही" हे वाक्य इथं उपयोगाचं नाही.

आता वही घ्या. एक आठवडा, फक्त एक आठवडा, जे तोंडात गेलं ते लिहायचं, काही बदलायचं नाही, लपवायचं नाही. चहा किती, त्याबरोबर काय, ऑफिसात कुणाचा वाढदिवस होता, मुलांच्या ताटातलं उरलेलं काय संपवलं, रात्री टीव्हीसमोर भडंग किती. हे लिहून काढल्याशिवाय कळत नाही, कारण जेवण आपल्याला आठवतं पण मधलं-मधलं आठवत नाही.

वही झाली की तिच्यात एकच गोष्ट शोधायची, साच्युरेटेड फॅट कुठनं येतंय. म्हणजे दुधातलं, साईतलं, तुपातलं, लोण्यातलं, खोबऱ्यातलं, पाम तेलातलं, वनस्पती तुपातलं आणि मटणाच्या चरबीतलं फॅट. हे जास्त झालं की आपल्या लिव्हरचं रक्तातलं एलडीएल उचलायचं काम मंदावतं, आणि ते रक्तातच फिरत राहतं. खाण्यातलं कोलेस्टेरॉल स्वतः जेवढं बिघडवतं त्यापेक्षा बहुतेक लोकांत हे फॅट जास्त बिघडवतं, म्हणून तर अंड्याला लोक उगाच जास्त घाबरतात आणि खारीला अजिबात घाबरत नाहीत. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसानं एलडीएल खाली आणायचं असेल तर साच्युरेटेड फॅट १३ ते १५ ग्रॅममध्ये बसवायचं.

हा आकडा डोक्यात ठेवून आपल्या दुधाकडं बघा. म्हशीच्या दुधात ६ ते ७ टक्के फॅट. पाव लिटरचा एक मोठा ग्लास म्हणजे जवळजवळ १५ ग्रॅम फॅट, त्यातलं ९-१० ग्रॅम साच्युरेटेड. म्हणजे गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून एक ग्लास धारोष्ण दूध प्यालं की दिवसाच्या कोट्यातला निम्म्याहून जास्त भाग तिथंच संपला, घरी यायच्या आत. तालमीतला पोरगा पितो तो जोर-बैठका मारून, मातीत घाम गाळून पितो, पन्नाशीतल्या आणि दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या माणसानं त्याची बरोबरी करू नये. दूध सोडा म्हणत नाही मी, दूध बदला. टोन्ड दुधात ३ टक्के फॅट असतं, डबल टोन्डमध्ये दीड टक्का. रतिबाचं म्हशीचंच पाहिजे असेल तर तापवून, गार करून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि जाड साय काढायची, परत तापवून परत काढायची. सगळं फॅट जात नाही पण बरंच जातं. फक्त ती साय साठवून, तूप कढवून परत त्याच माणसाच्या भातावर घालायचं नाही. तूप दिवसाला एक छोटा चमचा, ५ ग्रॅम, त्यात ३ ग्रॅम साच्युरेटेड, एवढं धरून चाला. देशी गाईचं असलं तरी हिशोब तोच.

दुसरा नंबर बेकरीचा. खारी, बटर, नानकटाई, क्रीम रोल, पॅटिस. खारीचे पापुद्रे सुटतात ते फॅटमुळंच, हे एकदा हातात खारी धरून बोटांना लागतं त्यावरनं बघा. भारतात २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर (तेल घट्ट करताना तयार होणारं घातक फॅट) २ टक्क्यांची मर्यादा आली ही चांगली गोष्ट झाली, पण ट्रान्स कमी झालं म्हणून खारी औषध होत नाही, पाम तेलातलं साच्युरेटेड आहेच. चहाबरोबर काहीतरी लागतंच अशी सवय असेल तर फुटाणे ठेवा, सालासकट. आमच्यात चहाच्या टेबलावरचा खारीचा डबा काढून तिथं फुटाण्याचा ठेवला आणि आठ-पंधरा दिवस कुरकूर झाली, मग हात आपोआप तिकडं जायला लागला.

तेलाचं तर मोजल्याशिवाय कळणारच नाही. माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर, चार माणसांच्या घराला दोन लिटर, त्यात तळण, फोडणी, चपातीचं सगळं आलं. महिन्याच्या पहिल्या तारखेला तेवढं तेल वेगळ्या बरणीत काढा आणि ते महिनाभर पुरवायचं. फोडणी बुधलीनं ओतून नाही, चमच्यानं मोजून. कोणतं तेल, यावर लोक तासभर वाद घालतात, मी म्हणते शेंगतेल, करडई, सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी यातलं कुठलंही घ्या, आलटूनपालटून वापरा, पाम आणि वनस्पती घेऊ नका. आणि पिशवीवर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका, कुठल्याच झाडाच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतं, पाम तेलातही नाही आणि खोबरेल तेलातही नाही, तरीही ही दोन्ही एलडीएल वाढवतात. तळणीचं तेल गाळून परत-परत तापवायचं तर पूर्ण बंद.

काढायचं झालं, आता घालायचं. हा भाग लोक करतच नाहीत. पाण्यात विरघळणारा फायबर, जो भिजला की बुळबुळीत होतो, तो आतड्यातलं पित्त धरून बाहेर घेऊन जातो. पित्त बनतं कोलेस्टेरॉलपासून, मग लिव्हरला नवीन पित्त करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं आणि एलडीएल उतरतं. दिवसाला असा ५ ते १० ग्रॅम फायबर पोटात गेला तर फरक दिसतो. ओट्स आणि बार्ली यात हा चांगला असतो, पण ज्यांना ओट्स बघून नाक मुरडायला होतं त्यांनी खंत करू नये, आपल्याकडं कडधान्यं आहेत. मटकी, मूग, हरभरा, चवळी, वरणा, घेवडा, राजमा. हुलग्याचं माडगं आता घरोघरी होत नाही, ते परत सुरू करा. दिवसातनं एकदा मोठी वाटी उसळ, पातळ रस्सा नाही, उसळ. त्याबरोबर भेंडी, गवार, वांगं, शेवगा, पोकळा, चाकवत जे बाजारात ताजं दिसेल ते. फळांत पेरू, संत्रं, सफरचंद, चावून खायचं, रस काढून नाही.

जवसाची चटणी रोज एक-दोन चमचे. जवस भाजून, सुकी लाल मिरची, लसूण, मीठ घालून कुटायचे, खोबरं घालायचं नाही, आणि थोडी-थोडी करायची कारण दळलेला जवस लवकर खवट होतो. अख्खा जवस खाऊन उपयोग नाही, तो तसाच बाहेर पडतो. इसबगोलही चालतो, रोज दोन चमचे भरपूर पाण्यातनं, पण इतर गोळ्या चालू असतील तर त्यांच्यापासनं दोन तास लांब. आणि हे सगळं एका दिवसात वाढवू नका, पोट फुगतं, गॅस होतो, मग माणूस म्हणतो मला कडधान्य सोसत नाही. तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा, पाणी जास्त प्या. मूठभर शेंगदाणे किंवा बदाम-अक्रोड, साधारण ३० ग्रॅम, रोज खाल्ले तरी चालतात, उलट चांगले, फक्त खारे-तळलेले नकोत आणि शेवेच्या जागी खायचे, शेवेबरोबर नाही.

भाकरीबद्दल थोडं बोलते, कारण ज्वारीची भाकरी खाल्ली की कोलेस्टेरॉल जातं असं सर्रास बोललं जातं. ज्वारी चांगली, नाचणी चांगली, भाकरीला तेल लागत नाही आणि पोट भरतं, पण जादू नाही. तीन भाकऱ्या, भाताचा ढीग आणि उसळ दोन चमचे असं ताट असेल तर ट्रायग्लिसराइड्स वरच राहणार. दीड-दोन भाकरी, उसळ वाटीभर, भाजी वाटीभर, कांदा-काकडी, ताक. एवढंच.

आता रविवार

खाटकाकडं गेल्यावर सीना मागू नका, मांडीचं मागा, आणि "चरबी काढून दे दादा" असं स्पष्ट सांगा, समोर उभं राहून काढून घ्या, नाहीतर सवयीनं दोन तुकडे पडतातच. बोकडाचं मांस साफ केलं तर फार चरबीचं नसतं. भेजा मात्र नकोच, त्यात कोलेस्टेरॉल प्रचंड असतं, मुंडी घेतली तरी तो बाजूला काढा.

खरं काम अळणीत आहे. मटण हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवलं की जे पाणी सुटतं त्यावर चरबी तरंगते आणि आपण ते पाणी, म्हणजे अळणी, चरबीसकट पुढं तांबड्या आणि पांढऱ्या रश्श्यात घालतो. शनिवारी संध्याकाळी मटण आणलं तर सगळ्यात सोपं, शिजवायचं, अळणी वेगळी गाळून घ्यायची, गार झाली की फ्रिजमध्ये. सकाळी वर पांढरा घट्ट थर आलेला असतो, मेणासारखा, चमच्याच्या टोकानं कडेनं सोडवला की अख्खी पापडी उचलून निघते. पहिल्यांदा ती पापडी बघाल तेव्हा कळेल की एका पातेल्यात किती चरबी होती. ती कचऱ्यात टाकायची, सिंकमध्ये नाही, पाइप तुंबतो. रविवारी सकाळचं ताजंच मटण पाहिजे असा घरात हट्ट असेल, आमच्यात मामंजींचा आहे, तर अळणीचं पातेलं बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवायचं, मग तासभर फ्रीझरमध्ये, वर जमेल ती चरबी पळीनं काढून घ्यायची. चव जात नाही. अळणीची चव हाडातनं आणि मटणातनं आलेली असते, ती खालच्या पाण्यात राहते.

तांबड्याचा रंग तर्रीशिवाय येत नाही असं वाटतं पण येतो. ब्याडगी मिरची बिया काढून गरम पाण्यात भिजवायची, बारीक वाटायची आणि दोन चमचे तेलात मंद आचेवर नीट परतायची, रंग तेलातच सुटतो पण त्याला दोन चमचे पुरतात, पळीभर लागत नाही. वाटणात सुकं खोबरं निम्मं करून त्या जागी भाजलेले तीळ. पांढऱ्याला नारळाचं दूध निम्मं, बाकी पांढरे तीळ, खसखस आणि चार-पाच काजू एकदम गुळगुळीत वाटून, कारण नारळाच्या फॅटमधलं बहुतेक सगळं साच्युरेटेडच असतं. सुक्क्यात तेल मोजून. आणि वाटी किती वेळा भरायची हे जेवायला बसायच्या आधी ठरवा, कारण रस्सा वाटीनं नाही, तोंड भाजेपर्यंत पितात आपल्याकडं. मटण दोन-चार फोडी, रस्सा दोन वाट्या, भाकरी, दही-कांदा. तिखटानं कोलेस्टेरॉल वाढत नाही, त्यामुळं झणझणीतपणाला हात लावायचं कारणच नाही.

आठवड्यात एकदा मासे करा. कोकणातनं बांगडा, तारली येतात, स्वस्त पण असतात, त्यातलं ओमेगा-३ ट्रायग्लिसराइड्स खाली आणायला मदत करतं. तव्यावर कमी तेलात भाजायचा किंवा कालवण, रवा लावून डीप फ्राय नाही. चिकन साल काढून. अंडं दिवसाला एक बहुतेकांना चालतं, शुगर असेल किंवा एलडीएल फार वर असेल तर डॉक्टरांना विचारून पिवळा भाग कमी करायचा.

मिसळ बाहेरच खायची असेल तर महिन्यातनं एक-दोनदा खा, पण कट वेगळ्या वाटीत मागा आणि वरचं लाल तेल चमच्यानं काढून बाजूला ठेवा, फरसाण कमी टाका मटकी जास्त टाका म्हणा, ते टाकतात, ब्रेडच्या दोन स्लाइसवर थांबा. घरची मिसळ तर रोज नाश्त्याला झाली तरी हरकत नाही, मोडाची मटकी, पातळ कट कमी तेलाचा, फरसाणच्या जागी भाजलेले पोहे किंवा चुरमुरे, वरनं कांदा, कोथिंबीर, लिंबू.

ट्रायग्लिसराइड्सचं गणित थोडं वेगळं आहे, ते साखर, मैदा, भाताचा ढीग आणि दारू यांनी चढतं. आणि इथं आपली एक समजूत फार पक्की आहे की गूळ चालतो. आपल्या भागातला गूळ चवीला कितीही चांगला असू दे, रक्ताच्या दृष्टीनं तो साखरच आहे, काकवीही साखर, गुऱ्हाळावरचा उसाचा रस तर ग्लासभर साखर. ज्यांचं ट्रायग्लिसराइड ५००च्या पुढं आहे त्यांनी दारू पूर्ण बंद करायची आणि डॉक्टरांकडं लगेच जायचं, कारण तिथं स्वादुपिंडाला सूज यायचा धोका असतो, तो हार्टपेक्षा वेगळा आणि तातडीचा. श्रावणातल्या उपासात साबुदाणा, वेफर्स, बटाटा, तूप असा मारा झाला तर तो उपास ट्रायग्लिसराइडला उपास नाही. वरीचा भात थोडा, दाण्याची आमटी, काकडी, ताक, फळ असं करा.

चालायचं आठवड्यात किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, आणि असं चालायचं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. रंकाळ्याला जा, विद्यापीठात जा, जिथं जवळ पडेल तिथं. पण फेरी झाली की गाडीवर वडा खायचा ग्रुप असेल तर ग्रुप बदला. नुसत्या चालण्यानं एलडीएल फार खाली येत नाही, हे माहीत असलेलं बरं, पण ट्रायग्लिसराइड्स उतरतात, एचडीएल थोडं सुधारतं, शुगर आणि बीपी ताब्यात राहतं, आणि वजन ५ ते १० टक्के जरी उतरलं तरी रिपोर्टमध्ये दिसतं. आठवड्यातनं दोनदा बैठका, जमतील तशा जोर, घरातल्या बायकांनीही. हार्टचा त्रास आधीपासनं असेल तर विचारून.

सिगारेटनं एचडीएल कमी होतं आणि रक्तवाहिन्या थेट खराब होतात. मावा आणि तंबाखू तोंडात धरली म्हणजे धूर नाही म्हणून हार्टला काही नाही, असं नाही. ताट कितीही सुधारलं आणि खिशात पुडी राहिली तर मला त्या घरातल्या माणसांची काळजी वाटते. हे एकट्यानं सुटत नसेल तर सरकारी दवाखान्यांत व्यसन सोडायला मदत मिळते, लाजायचं नाही.

लसूण, आवळा, अर्जुनाचा काढा, गरम पाण्यात लिंबू, हे सगळं विचारणारे लोक भेटतात. लसूण जेवणात असू दे, आवळा खा, पण लिंबूपाण्यानं चरबी विरघळत नाही आणि यातलं काहीही गोळीच्या जागी घ्यायचं नाही.

हे सगळं सुरू केल्यापासनं सहा ते बारा आठवड्यांनी परत टेस्ट करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये, मधे ताप किंवा मोठं आजारपण झालं असेल तर थोडं थांबून, कारण आजारपणात आकडे खोटे खाली दिसतात. ट्रायग्लिसराइड जास्त असेल तर ९ ते १२ तास उपाशीपोटी. एलडीएलमध्ये १० ते २० टक्के घट आली तर पथ्य नीट झालंय असं समजा, १५०चं १२५ झालं तर ते मोठं यश आहे. पण २००चं १७० झालं असेल तर पथ्य जमलेलं असूनही गोळी लागणारच, आणि ती लागली म्हणून पथ्य फुकट गेलं असं होत नाही, डोस कमी ठेवायला ते मदत करतं. गोळी चालू असताना रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून स्वतःहून बंद करायची नाही, तो नॉर्मल गोळीमुळंच आलेला असतो, काही आठवड्यांत आकडा परत वर. अंग, मांड्या विनाकारण दुखायला लागल्या तर डॉक्टरांना सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर आधी सांगा. आणि छातीवर दाब आला, घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली तर गॅस समजून सोडा पीत बसू नका, १०८ला फोन लावा.